आजोबा कुठे गेले?

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी कोल्हार हे गाव आहे. आजूबाजूला उसाची शेती आहे. दाट उसात बिबट्याला लपायला जागा मिळते. म्हणून रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी हातात बॅटरी घेतो आणि मोठ्याने बोलत चालतो.

बिबट्या पकडला गेला, की लोक म्हणतात, "याला दूर जंगलात सोडा!" पण सोडल्यावर तो तेथेच राहतो का? त्याच्या मागे रात्रंदिवस कोण धावणार? हे काम रेडिओलहरी करतात.

२००९ साली याच जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत अडकला. त्याला बाहेर काढण्यात आले. तो वयस्कर आणि शांत होता. म्हणून संशोधक विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी त्याला 'आजोबा' म्हणू लागले. त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला आणि शेपटीत कातडीखाली एक बारीक चिप बसवली. मग त्याला माळशेज घाटाच्या जंगलात सोडले.

हा पट्टा ठिकाण कसे सांगतो? कागदावर शाळा, बसस्थानक आणि पूल असे तीन बिंदू काढा. तुमचे घर प्रत्येकापासून किती दूर आहे, ते मोजा. प्रमाण ठरवून कंपासने तेवढ्या अंतराची तीन वर्तुळे काढा. तिन्ही वर्तुळे जेथे मिळतील, तेथे तुमचे घर! पट्टाही असेच करतो. त्याचे बिंदू म्हणजे आकाशातील उपग्रह. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. ती किती वेळात पोहोचली, यावरून अंतर कळते. वेळेतली चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. मग पट्टा मोबाइल टॉवरमार्फत आपले ठिकाण संशोधकांना कळवतो.

आजोबा माळशेजला थांबले नाहीत. कसाऱ्याजवळून रेल्वे आणि महामार्ग ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालून, ते महिन्याभरात मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचले! डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. शेपटीतील चिपमुळे त्यांची ओळख पटली.

बिबट्याला दूर सोडले, म्हणजे प्रश्न मिटला असे नाही, हे या प्रवासाने दाखवले. तो पुन्हा चालू लागतो, अनोळखी गावांजवळून जातो. याच जिल्ह्यातील अकोले भागात पट्टा बांधलेले काही बिबटे मात्र पकडल्या जागेजवळच सोडले होते. ते रात्री घरांच्या अगदी जवळून जात आणि दिवसा माणसांपासून दूर राहत.

म्हणून मित्रांनो, अशा भागात रात्री एकटे फिरू नका. सोबत उजेड ठेवा. शेळ्या बंद गोठ्यात बांधा. बिबट्या दिसला तर त्याच्याभोवती गर्दी करू नका, वनखात्याला कळवा. शेजारी कसा वागतो हे ठाऊक असले, की त्याच्यापासून सावध राहणे सोपे जाते.