पुंगळीतून गोळी

नेमबाजीच्या रेंजवर दिवसभरात जो कचरा साठतो, त्यात पितळेच्या चिमुकल्या पुंगळ्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. पॉइंट टू-टू रायफलच्या काडतुसाची ही पुंगळी एकदा वापरली की निकामी. मोठ्या रायफलच्या काडतुसात बार पेटवणारी टोपी वेगळी असते. ती बदलून तीच पुंगळी पुन्हा भरता येते. टू-टूमध्ये मात्र पेट घेणारं रसायन पुंगळीच्या तळाच्या काठातच, दुमडीत भरलेलं असतं. घोड्याची सुई त्या काठावर आपटते, काठ चेपला जातो आणि बार उडतो. चेपलेला काठ पुन्हा भरण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीनं १८८७ मध्ये बाजारात आणलेलं टू-टू लाँग रायफल हे काडतूस आजही ऑलिम्पिकमध्ये चालतं आणि त्याच्या पुंगळ्या आजही भंगारात जातात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचे हाल झाले. तांबं, पितळ, शिसं सगळं लढाईकडे वळलं होतं आणि दुकानात मोठ्या वेगाच्या रायफलींसाठी लागणाऱ्या गोळ्या मिळत नव्हत्या. इथे गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडून लक्ष्यावर जाते ती वस्तू, अख्खं काडतूस नव्हे. पुंगळ्या जपून ठेवलेल्या होत्या, थोडीफार बारूदही होती. अडलं होतं ते गोळीपाशी. नुसत्या शिशाची गोळी ओतणं अवघड नाही, पण शिसं मऊ. ताशी तीन हजार किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं ते नळीच्या पिळाच्या खाचांना चाटून जाऊ लागलं की नळीत त्याचा लेप बसतो आणि नेम बिघडतो. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८० च्या दशकात शिशाच्या गोळीवर तांब्याचं आवरण चढवलं ते याच कारणानं. तेव्हापासून वेगवान गोळी म्हणजे आत शिशाचा गाभा आणि बाहेर धातूची वाटी असं ठरून गेलं. शिसं कसंबसं मिळालं असतं, वाटी मिळत नव्हती.

आणि वाट्या तर रेंजवर पायाखाली तुडवल्या जात होत्या. टू-टूची पुंगळी एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूनं उघडी. व्यास साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर. त्या काळात लोकप्रिय असलेल्या .२२४ इंच व्यासाच्या वेगवान रायफलींच्या गोळीचा व्यासही ५.६९ मिलिमीटर. फक्त तळाचा तो बाहेर आलेला काठ तेवढा सपाट करायचा. ही कल्पना नेमकी पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आली यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ती एकाच वेळी अनेकांना सुचण्यासारखीच होती. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत या कामाचे साचे बनवायला घेतले. पश्चिमेकडच्या डोंगरात शेतकऱ्यांना सतावणारा ‘रॉक चक’ नावाचा एक बिळात राहणारा प्राणी आहे. त्याच्यावर नेम धरणाऱ्यांसाठी हे साचे, म्हणून नाव पडलं ‘रॉक चक बुलेट स्वेज’. त्याची आद्याक्षरं आरसीबीएस. काडतुसं घरी भरणाऱ्यांच्या जगात हे नाव आज सर्वांना माहीत आहे, पण त्यातल्या ‘बी’ आणि ‘एस’चा अर्थ किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. व्हर्नन स्पीअर आणि नेब्रास्कातले जॉइस हॉर्नडी या दोघांनीही एकत्र येऊन वापरलेल्या पुंगळ्यांच्याच वाट्या करून गोळ्या काढल्या. पुढे दोघांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, हॉर्नडींची १९४९ मध्ये. अमेरिकेतल्या गोळ्यांच्या या मोठ्या उद्योगाचा एक पाय असा भंगारात आहे.

आता यात विज्ञान कुठे आलं? पहिलं येतं ते पितळ. साच्यातून दाबून काठ सपाट करताना पितळ कडक होतं. धातूच्या स्फटिकांमधले दोष दाबाखाली वाढून एकमेकांत अडकत जातात आणि धातू आणखी वाकायला नकार देतो, तडकतो. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकता ठोकता मधूनच भट्टीत का घालतात, त्याचंच हे कारण. तापवल्यावर स्फटिक नव्यानं जुळतात आणि धातू पुन्हा ऐकू लागतो. पुंगळीलाही तसंच तापवून नरम करावं लागतं, नाहीतर टोकाकडची घडी नीट न बसता सुरकुतते.

दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. गाभा आणि आवरण घट्ट कसे चिकटतात? इथे ना डाख लागतो, ना गोंद. शिसं जवळजवळ मेल्यासारखं असतं, दाबलं की दबतं आणि दाब काढला तरी तसंच राहतं. पितळ मात्र दाब काढला की किंचित मागे येतं, त्याला थोडी लवचिकता असते. म्हणून या कामाचा एक जुना नियम आहे. गोळी नेहमी लहान मापाकडून मोठ्या मापाकडे फुगवत न्यायची, मोठीला चेपून लहान कधी करायची नाही. वाटीत शिशाचा तुकडा टाकून वरून दट्ट्यानं दाबलं की शिसं आडवं पसरतं, वाटीला आतून ढकलतं आणि ती साच्याच्या भिंतीला जाऊन टेकते. दाब सुटला की पितळ थोडं आत यायला बघतं, शिसं हटत नाही, आणि पितळ त्याला कवटाळून बसतं. उलटं केलं, म्हणजे तयार गोळी लहान भोकातून ओढली, तर पितळ बाहेरच्या बाजूला परततं आणि गाभा आत सैल पडतो. अशी सैल गाभ्याची गोळी लक्ष्यावर कुठेही जाते. धातूशास्त्राच्या पुस्तकात स्प्रिंगबॅक म्हणून शिकवतात ती हीच गोष्ट.

या कामाला मऊ, शुद्ध शिसंच हवं. उलट, साच्यात शिसं ओतून गोळ्या करणाऱ्या दुसऱ्या पंथाला कठीण शिसं प्रिय. तिथे अमेरिकेत अनेक वर्षं ज्याच्यावर उड्या पडत ते म्हणजे छापखान्यातलं लायनोटाइपचं मिश्रण, शंभरात सुमारे ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील. अँटिमनीमुळे थंड होताना धातू फार आक्रसत नाही आणि अक्षराची कड धारदार उठते. गोळीचीही उठते. वर्तमानपत्रांनी शिशाची जुळणी सोडली तेव्हा टनावारी खिळे आणि ओळी मोडीत निघाल्या आणि त्यातल्या काही बातम्या, जाहिराती, शोकसंदेश कुणाकुणाच्या लक्ष्याच्या मागच्या मातीच्या बांधात जाऊन रुतल्या. छापखान्यातल्या माणसाला हे ऐकून कसं वाटेल सांगता येत नाही.

पुंगळीपासून केलेली गोळी हलकीच होते, कारण वाटीची लांबी ठरलेली. जेमतेम दीड सेंटिमीटर. त्यात मावेल तेवढंच शिसं. गोळी भरते साधारण ५२ ते ६० ग्रेन. ग्रेन हे इंग्रजी माप आपल्याला परकं वाटतं, पण आपल्या आजीचा ब्रिटिश अमदानीतला तोळा नेमका १८० ग्रेनचा होता आणि मासा १५ ग्रेनचा. म्हणजे ही गोळी सुमारे साडेतीन ते चार मासे वजनाची, ग्रॅममध्ये ३.४ ते ३.९. सुरुवातीला माझी समजूत होती की हलकेपणा ही नाइलाजानं आलेली तडजोड असणार. गणित मांडलं की चित्र उलटं दिसतं. कमी अंतरावरच्या लक्ष्यासाठी हलकी गोळी हा फायदाच आहे, आणि घरगुती कारागिराला तर तो वरदान आहे.

कारण असं. लांबट गोळी हवेत नाकावर सरळ राहावी म्हणून तिला स्वतःभोवती फिरवावं लागतं. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात त्या यासाठी. वुलिचचे गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये एक सुटसुटीत सूत्र दिलं. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. गोळी जड करायची तर त्याच व्यासात ती लांबच होणार, म्हणून जड गोळीला घट्ट पीळ. .२२४ व्यासाच्या ८० ग्रेनच्या लांब गोळीला दर सात इंचात एक फेरा लागतो, पन्नास-पंचावन्न ग्रेनच्या आखूड गोळीचं बारा-चौदा इंचात एका फेऱ्यावर भागतं.

आता समजा, गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षावर बरोबर नाही, एक शतांश मिलिमीटर बाजूला आहे. नळीत असेपर्यंत नळीच्या भिंती तिला धरून ठेवतात, गुरुत्वमध्य अक्षाभोवती घिरट्या घालत राहतो. नळीच्या तोंडातून सुटल्या क्षणी ही पकड संपते आणि गोळी त्या घिरटीच्या स्पर्शरेषेनं थोडी बाजूला निघते. गणितात गोळीचा वेग खोडला जातो, उरतात फक्त दोन गोष्टी, गुरुत्वमध्य किती सरकला आणि पीळ किती घट्ट. चौदा इंची पिळात एक शतांश मिलिमीटरची चूक शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, १६ मिलिमीटरची होते. सात इंची पिळात तीच चूक ३२ मिलिमीटर. हाताने केलेल्या वस्तूत खोट राहणारच. सैल पीळ ती खोट निम्म्यावर आणतो, आणि सैल पीळ फक्त आखूड, हलक्या गोळीला पुरतो.

खोट येते कुठून, तर मुख्यतः वाटीच्या भिंतीतून. शिसं पितळेपेक्षा जड. वाटीची भिंत एका बाजूला जाड आणि समोर पातळ असेल तर जाड बाजूकडे पितळ जास्त, शिसं कमी, आणि तोल ढळतो. भिंतीतला फरक जसाच्या तसा गुरुत्वमध्यात उतरत नाही. माझ्या अंदाजी हिशेबानं त्याचा नवव्या-दहाव्या हिश्शाएवढाच परिणाम होतो. म्हणजे एक शतांश मिलिमीटरच्या फरकाला शंभर यार्डांवर पावणेदोन मिलिमीटर. ज्याला डोंगरातला रॉक चक टिपायचाय त्याला हे क्षुल्लक आहे. पण ‘बेंचरेस्ट’ नावाची एक स्पर्धा आहे, रायफल टेबलावर टेकवून पाच गोळ्या शक्य तितक्या एकाच भोकात घालायची. तिथे पाचही गोळ्यांची केंद्रं पाच-सहा मिलिमीटरच्या आत राहिली नाहीत तर स्पर्धक पुढे जात नाही. तिथे पावणेदोन मिलिमीटर फार झाले. म्हणून या मंडळींनी टू-टूची पुंगळी केव्हाच सोडली. ते खास ओढून काढलेल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या वाट्या विकत घेतात, भिंतीतला फरक इंचाच्या काही दशसहस्रांशांत मोजून निवडतात, आणि गोळ्या मात्र आजही हातप्रेसवर एकेक करून दाबतात. १९७५ मध्ये लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी आणलेलं ६ पीपीसी हे काडतूस या खेळावर राज्य करतं. त्याची गोळी साधारण ६५ ते ६८ ग्रेनची, सपाट बुडाची, आखूड, आणि पीळ तेरा-चौदा इंची. हलकी, आखूड गोळी आणि सैल पीळ, ही जोडी तिथेही सुटलेली नाही.

पुंगळीच्या गोळीची आणखी एक मर्यादा आहे. भिंत पातळ. चौदा इंची पिळातून सेकंदाला ९०० मीटर वेगानं निघालेली गोळी मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेते. तिच्या कडेवरच्या धातूला गुरुत्वाकर्षणाच्या सत्तर हजार पटींहून अधिक ताण सोसावा लागतो. पातळ पितळ यापुढे फार ताणता येत नाही. वेग किंवा पीळ वाढवत गेलं की गोळी लक्ष्याआधीच हवेत फुटते आणि कागदावर काहीच उमटत नाही.

शिशाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते ३२७ अंशांना वितळतं आणि शरीरात शिरलं की सहजी बाहेर पडत नाही, मुलांच्या मेंदूला त्याचा धोका अधिक. बंद रेंजवर काडतुसातल्या पेटवणाऱ्या रसायनातूनही शिशाचा धूर निघतो. त्यामुळे पुंगळ्या गोळा करणाऱ्यानंही हात न धुता डबा उघडू नये. आणि कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो. लाँड्रीच्या मागच्या खोलीतला उद्योग भारतात गुन्हा ठरेल.

आपले नेमबाज या वाटेला जातही नाहीत, त्यांना गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच टू-टू काडतुसावर. तिथे गोळी ४० ग्रेनची, पावणेतीन माशांहूनही थोडी कमी, नियमानुसार शिशाची किंवा तशाच मऊ धातूची, वर आवरण नाही. वेगही ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली ठेवतात. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डगमगते, ते टाळायचं म्हणून. या वेगाला शिशाचा लेप बसत नाही, वंगण पुरतं. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. काडतूस स्वतः बनवता येत नसल्यानं इथली कारागिरी निवडीत उतरली आहे. कारखान्यातून निघणारा प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो आणि प्रत्येक नळीला वेगळा लॉट मानवतो. म्हणून जगभरचे नेमबाज आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमच्या इलेसारख्या कंपन्यांच्या चाचणी रेंजवर जातात. तिथे नळी शिकंज्यात घट्ट बसवतात, एकामागून एक लॉटमधली काडतुसं झाडतात आणि ज्या लॉटची भोकं सर्वांत जवळ पडतील त्याचीच खोकी पुढच्या मोसमासाठी उचलतात.