बिनखोगिराची घोडेस्वारी: ‘मांड’ पक्की कशी होते? मित्रांसोबत जाताना हे नियम पाळाच

वडवणी (जि. बीड) : मेंढपाळाचं तट्टू असो की वरातीसाठी पाळलेली घोडी, ग्रामीण भागात घोड्यावर बसण्याची सुरुवात अनेकदा खोगिराविनाच होते. ओळखीच्या घरी घोडा असतो, चार मित्र जमतात आणि आयाळ धरून उघड्या पाठीवर टांग टाकली जाते. पण खोगीर नसल्यावर नेमकं काय बदलतं हे माहीत नसेल, तर स्वार आणि घोडा दोघांनाही इजा होऊ शकते. समजून घेऊया.

मांड म्हणजे काय?
घोड्यावरच्या पक्क्या बैठकीला मराठीत ‘मांड’ म्हणतात. खोगीर असताना रिकिबीत पाय असतात, तोल गेला तर त्यांचा आधार मिळतो. खोगीर नसेल तर सगळा भार कंबर आणि मांड्यांवर येतो. घोड्याचं प्रत्येक पाऊल थेट अंगाला कळतं, म्हणूनच तोल शिकायला ही पद्धत उत्तम मानली जाते.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घाबरून टाचा आवळणं. घोड्याला तो ‘पळ’ असा इशारा वाटतो. तो वेग घेतो, स्वार आणखी घाबरतो. लगामाला लोंबकळल्यास घोड्याच्या तोंडाला इजा होते. तोल गेला तर लगाम ओढू नका, आयाळ धरा.

घोड्याच्या पाठीवर काय परिणाम होतो?
दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. चांगलं खोगीर स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरवतं. खोगीर नसताना तेच वजन बैठकीच्या दोन हाडांखाली एकवटतं. त्यामुळे फेरी छोटी ठेवावी. जाड घोंगडी घडी घालून टाकल्यास थोडी मदत होते, मात्र ती घसरणार नाही याची खात्री करा.

स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे 300 किलोच्या तट्टावर 60 किलो. डबलसीट तर नकोच, कारण मागच्या स्वाराचं वजन घोड्याच्या कमरेवर येतं.

मित्रांसोबत जाताना
- दोन घोड्यांत किमान एका घोड्याइतकं अंतर ठेवा. घोड्याला अगदी मागचं दिसत नाही, दचकला तर तो लाथ मारतो.
- घोडा कळपाचा प्राणी आहे. एक उधळला की बाकीचे त्याच्यामागे धावतात. शर्यत लावू नका, वेग सर्वांत नवख्या स्वाराला झेपेल तेवढाच ठेवा.
- डांबरी रस्ता टाळा. नांगरलेलं, दगड वेचलेलं रान बरं.
- बंद पट्ट्याचं हेल्मेट घाला. लगाम मनगटाला गुंडाळू नका, पडल्यास फरफट होते.
- पडल्यावर उलटी, गुंगी किंवा मानेत वेदना असेल तर थेट रुग्णालय गाठा. जखम झाल्यास धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

घोडे कमी का होत आहेत?
2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 6.2 लाख घोडे-तट्टं होती, 2019 मध्ये ती 3.4 लाखांवर आली. वाहतुकीसाठी गाड्या आल्या आणि घोडा पाळणं परवडेनासं झालं. दख्खनचं काटक भीमथडी तट्टू एकेकाळी मराठा फौजेत होतं. आज ते प्रामुख्याने भटक्या मेंढपाळांचा संसार वाहतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव आणि नंदुरबारमधील सारंगखेडा येथे घोड्यांचा मोठा बाजार आजही भरतो.

कायदा काय सांगतो?
प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 नुसार जनावराला मारहाण करणं, त्याच्यावर अतिभार टाकणं किंवा दमेपर्यंत पळवणं हा गुन्हा आहे.

उतरल्यावर घोड्याच्या पाठीवरून तळहात दाबून फिरवा. तो पाठ खाली दबवत असेल किंवा अंग चोरत असेल, तर पाठ दुखतेय असं समजा आणि त्याला काही दिवस विश्रांती द्या.