हायड्रॉक्सिल टोकाला बसवायचा, तर...

प्रोपीन हा तीन कार्बनचा साधा वायू. त्याच्या एका टोकाला दुहेरी बंध असतो. आम्लाच्या मदतीने तिथे पाणी जोडलं, की हायड्रोजन टोकाच्या कार्बनला मिळतो, हायड्रॉक्सिल गट मधल्या कार्बनला, आणि तयार होतं सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, त्यालाच नवा हायड्रोजन मिळतो, हा नियम रशियातल्या कझानच्या व्लादिमीर मार्कोव्हनिकोव्ह यांनी १८६९ साली मांडला. आम्लाचा प्रोटॉन आधी जोडला जातो आणि त्यामुळे येणारा धनभार मधल्या कार्बनवर जास्त स्थिर असतो, हे त्यामागचं कारण.

पण रसायनशास्त्रज्ञाला हायड्रॉक्सिल टोकालाच हवा असेल तर? शिकागोत खराश आणि मेयो यांनी १९३३ साली पेरॉक्साइड वापरून हायड्रोजन ब्रोमाइडची दिशा उलटवून दाखवली होती. पाण्याच्या बाबतीत मात्र ती युक्ती चालत नव्हती.

वाट सापडली ती १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात, आणि तीही वेगळंच काही मोजताना. हर्बर्ट ब्राउन यांचे भारतीय सहकारी बी. सी. सुब्बा राव बोरॉनयुक्त हायड्राइड वापरून एस्टरांचं क्षपण (म्हणजे त्यांना हायड्रोजन जोडणं) करत होते. प्रत्येक एस्टरला हायड्राइडचे दोन भाग पुरत. एथिल ओलिएट मात्र त्याहून जास्त खाई. नमुना अशुद्ध असेल म्हणून ते आकडे सोडून देता आले असते. ब्राउन यांनी नमुना शुद्ध करून प्रयोग पुन्हा करायला लावला. जादा खप कायम राहिला. ओलिएटच्या साखळीत दुहेरी बंध आहे आणि हायड्राइड तिथेच खर्च होत होतं! या शोधकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा हट्ट.

हीच हायड्रोबोरेशन अभिक्रिया. बोरॉन आणि हायड्रोजन दुहेरी बंधाच्या एकाच बाजूने, जवळजवळ एकाच वेळी जोडले जातात. बोरॉनला इलेक्ट्रॉनांची ओढ असते आणि जागाही मोकळी लागते, म्हणून तो टोकाचा कार्बन धरतो. मग अल्कलीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, की बोरॉनच्या नेमक्या जागी हायड्रॉक्सिल येतो. प्रोपीनपासून आता मुख्यतः १-प्रोपेनॉल मिळतं. या कामासाठी ब्राउन यांना १९७९ चं नोबेल मिळालं, गेओर्ग विटिग यांच्याबरोबर विभागून.

त्याआधीच, १९६१ मध्ये, ब्राउन आणि त्स्वायफेल यांनी बोरॉनला टर्पेंटाइनमधल्या पायनीनची जोड दिली. पायनीनचा रेणू डावा-उजवा भेद असलेला. त्यामुळे दुहेरी बंधाच्या दोन बाजूंपैकी एकच बोरॉनला सोयीची ठरते. सिस-२-ब्युटीनपासून मिळालेल्या अल्कोहोलात एका आरशातल्या रूपाचं आधिक्य ८७ टक्के निघालं. एन्झाइमशिवाय इतकी निवड तोवर साधलेली नव्हती.