वावटळ उठते, वारा कोसळतो

एप्रिल सरता सरता खोडाळा, मोखाडा, जव्हारच्या डोंगरउतारांवर राब भाजून झालेले असतात. शेण, पालापाचोळा, वाळलं गवत यांचे थर द्यायचे, राख उडू नये म्हणून वर मातीचा पातळ थर पसरायचा आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. मागे उरतो तो जमिनीचा काळाभोर तुकडा, नागली-वरईच्या रोपासाठी तयार. भर दुपारी अशा तुकड्याकडे थोडा वेळ बघत राहावं. आधी काठावरची दोन-चार पानं सरकतात, गोल वळतात, पुन्हा खाली बसतात. मग एकाएकी राख उठते आणि बघता बघता चार पुरुष उंचीचा करडा खांब उभा राहून उतारावरून चालू लागतो. शेजारच्या गवताळ माळावर पान हलत नसतं. मिनिटा-दोन मिनिटांत तो खांब बांधापाशी जाऊन विरतो.

या वावटळीचं सारं भांडवल म्हणजे तो काळा रंग. मे महिन्याच्या उन्हात काळी, कोरडी माती साठ अंशांच्या आसपास तापू शकते. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरची हवा तेव्हा चाळिशीच्या आसपास असते. म्हणजे मातीला लगटून असलेली हवा हलकी आणि तिच्या डोक्यावर बसलेली हवा जड. ही उलटी मांडणी फार वेळ टिकत नाही. कुठेतरी एका जागी खालची हवा वाट काढून वर निसटते आणि तिची जागा घ्यायला चोहोबाजूंनी हवा धावते. ही धावणारी हवा कधीच नेमकी मध्याकडे येत नाही. एखादं झुडूप, बांध, उताराची कड तिला किंचित बाजूला ढकलते आणि तेवढा तिरकेपणा पुरतो. फुगडी घालताना हात लांब असले की फेर संथ असतो. दोघी हात आखडून जवळ आल्या की त्याच पायांची भिंगरी होते. मध्याकडे ओढली जाणारी हवाही अशीच, जितकी आत येईल तितकी वेगाने फिरते. ती डावीकडे फिरेल की उजवीकडे, याला नियम नाही. एकाच माळावर, एकाच दुपारी दोन्ही तऱ्हेच्या वावटळी उठू शकतात.

मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त नवल वाटतं ते मंगळाकडे बघताना. तिथली हवा आपल्या हवेच्या सुमारे एक टक्का दाट, पाण्याचा टिपूस नाही, राब भाजणारं कुणी नाही. तरी तिथे वावटळी उठतात. २०१२ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेली एक वावटळ सुमारे वीस किलोमीटर उंच होती. २७ सप्टेंबर २०२१ रोजी 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवरून एक वावटळ आरपार गेली आणि गाडीवरचा मायक्रोफोन त्या वेळी चालू होता. वाऱ्याचा घोंघाट, मध्ये क्षणभर शांतता आणि धुळीच्या कणांची टिकटिक, असा तो आवाज पृथ्वीवर पोचला. ती मधली शांतता म्हणजे वावटळीचं पोट. राबावरच्या वावटळीलाही असंच शांत पोट असतं. तापलेली जमीन आणि वर चढणारी हवा एवढ्यावर जे उभं राहतं, ते दोन ग्रहांवर सारखंच घडतं.

वावटळ बघून 'टोर्नेडो आला' म्हणणारे व्हिडिओ हल्ली दर उन्हाळ्यात फिरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात मुंढवा-केशवनगरच्या नदीकाठावर डासांचे उंचच उंच थवे दिसले, त्यांनाही लोकांनी टोर्नेडोच म्हटलं. तिथे तर वाराच नव्हता, नदीवर पोसलेले डास होते. खऱ्या टोर्नेडोचं कूळ पूर्ण वेगळं. वावटळ मातीतून जन्मते आणि तिच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतं. टोर्नेडो मोठ्या गडगडाटी ढगाला बांधलेला असतो. त्याला पोसणारा मेघ दहा-पंधरा किलोमीटर उंच असतो आणि त्या मेघाचा मधला भाग आधीपासूनच गरगरत असतो.

भारतात त्याचं घर पूर्व किनाऱ्याच्या बाजूला आहे. ३१ मार्च २००९ च्या दुपारी ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात राजकनिका भागातल्या किनारी गावांवर टोर्नेडो उतरला आणि काही मिनिटांत घरांचे सांगाडे उरले. बरोबर पंधरा वर्षांनी, ३१ मार्च २०२४ ला, उत्तर बंगालमध्ये जलपाईगुडी-मैनागुडीला तसंच घडलं. जगातला सगळ्यात जीवघेणा टोर्नेडोही याच पट्ट्यातला. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर-सातुरिया भागात सुमारे तेराशे माणसं गेली. नोंदी जुन्याही आहेत. ८ एप्रिल १८३८ ला कलकत्त्याच्या पूर्वेला आलेल्या टोर्नेडोच्या टिपणांत एक बांबू पक्क्या बांधकामात घुसल्याचा उल्लेख सापडतो. मोखाड्यात बांबू कोयत्याने तासणाऱ्या माणसाला हे वाचून दाखवावं. बांबू किती हलका आणि वीट किती टणक हे त्याच्या हाताला ठाऊक असतं, म्हणून त्या वाऱ्याची कल्पना त्याला आपल्या आधी येईल.

मग आपल्याकडे का नाही? समुद्र आपल्याकडेही आहे. डहाणूचा किनारा खोडाळ्यापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर. ऊन ओडिशा-बंगालइतकंच. दुपारी खारा वारा विक्रमगड, जव्हार ओलांडत सह्याद्री चढू लागतो आणि घाटमाथ्यावर देशावरच्या कोरड्या हवेशी त्याची गाठ पडते. इगतपुरी-त्र्यंबकच्या अंगाला ढगांचे डोंगर चढतात ते तिथेच. सामान सगळं जमलेलं दिसतं. फरक आहे तो ढगाचा तळ किती उंच यात, आणि ढगाच्या वर काय वाहतंय यात.

ढगाच्या तळाची उंची काढायचा एक सोपा हिशोब आहे. हवेचं तापमान घ्या, ज्या तापमानाला त्याच हवेतून दव पडू लागेल ते त्यातून वजा करा, उरलेल्या आकड्याला १२५ ने गुणा. जमिनीपासूनची उंची साधारण तितके मीटर. समजा खोडाळ्यात दुपारी ३८ अंश आहे आणि दवबिंदू १८. फरक २०, म्हणजे ढगाचा तळ अडीच हजार मीटरवर. समजा त्याच वेळी ओडिशाच्या खाडीकाठी ३४ अंश आहे आणि दवबिंदू २६. फरक ८, तळ एक हजार मीटरवर. टोर्नेडोला हा खालचा, दमट तळ मानवतो, कारण ढगातला फेर जमिनीपर्यंत पोचायचा तर मधलं अंतर कमी आणि मधली हवा ओली हवी.

शिवाय बंगालच्या उपसागराची ओल तिथे जाड थराने आत शिरते, तिच्यावर छोटा नागपूरकडून आलेली कोरडी, गरम हवा झाकण घालते आणि त्याहून वर, मार्च-एप्रिलमध्ये, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा जोरदार झोत असतो. खाली दक्षिणेचा वारा, वर पश्चिमेचा. दिशा आणि वेग उंचीबरोबर असे बदलले की हवा आडवी लाटली जाते, आणि मेघाचा वर ओढणारा प्रवाह ते आडवं लाटणं उभं करतो. मेघाच्या पोटातला फेर येतो तो असा. आपल्याकडे मे महिन्यात ओलीचा थर पातळ असतो. जूनमध्ये ढग अगदी झाडांच्या शेंड्यांना टेकतात, खोडाळ्याच्या रस्त्यावर पंचवीस पावलांवरचं दिसत नाही, पण तोवर हवा तळापासून माथ्यापर्यंत ओलीचिंब झालेली असते आणि अगदी वरच्या थरातला वारा पूर्वेकडून वाहू लागतो. मे महिन्यातली कोरडी-ओली झटापट तिथे उरलेली नसते. ज्या महिन्यात तळ खाली येतो त्या महिन्यात बाकीचं सामान गेलेलं असतं. माझ्या मते कोकणच्या उन्हाळ्याबद्दलची ही सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे, आणि शाळेच्या भूगोलात ती यायला हवी.

टोर्नेडो नाही म्हणून वारा सौम्य आहे असं मात्र नव्हे. वळवाच्या संध्याकाळी कुडाच्या घरांवरचे पत्रे उडतात, कौलं सरकतात, आंब्याची जुनी झाडं मुळासकट आडवी होतात. पाऊस कधी कधी चार थेंबच पडतो. हा वारा येतो कुठून? त्याच उंच तळातून. अडीच हजार मीटरवरून निघालेली सर खालच्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच वाळते. वाळताना ती आजूबाजूची उष्णता घेते, हवा थंड होते, जड होते आणि कोसळते. जितकी हवा कोरडी तितकी ती जास्त थंड होते, तितकी जोराने खाली येते. जमिनीवर आपटली की तिला जायला एकच वाट उरते, चारी बाजूंना. ज्या कोरडेपणाने आपल्याला टोर्नेडोपासून वाचवलं तोच कोरडेपणा हा वारा घडवतो.

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबई-ठाण्यावर आलेली धुळीची भिंत अशाच कोसळलेल्या हवेची पुढची कड होती. त्या संध्याकाळी घाटकोपरच्या पेट्रोलपंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरातफलक पडला आणि १७ माणसं गेली. ती हवा फिरत नव्हती, सरळ आली होती.

फिरणारा वारा आणि कोसळणारा वारा यांतला भेद जगाला दाखवून दिला तो तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने. १९४५ मध्ये तो कोकुरा शहराच्या लगत राहत, शिकवत होता. ९ ऑगस्टचा अणुबॉम्ब कोकुरासाठी निघाला होता. शहर ढग-धुराने झाकलेलं होतं म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. पुढे फुजिता नागासाकी आणि हिरोशिमा बघायला गेला. स्फोटाच्या बरोबर खालची झाडं उभी होती, त्यांच्याभोवतीची झाडं मध्यापासून बाहेरच्या दिशेने पडली होती. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत एका दिवसात शेकड्यावर टोर्नेडो आले. त्यांच्या मागे राहिलेली जंगलं तो विमानातून बघत होता, तेव्हा काही ठिकाणी त्याला तीच बाहेर पसरलेली मांडणी दिसली. १९७५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं, शंभरावर माणसं गेली आणि त्याने कारण सांगितलं: ढगातून पडलेली हवा. अनेकांना ते पटलं नाही. पुढच्या वर्षांत रडार लावून मोजलं तेव्हा तो बरोबर ठरला. टोर्नेडोची ताकद पडझडीवरून ठरवणारी फुजिता मोजपट्टीही त्याचीच, १९७१ ची.

पाण्यावरचा प्रकार आणखी निराळा. वाढत्या ढगाखाली पाण्यावर जो उभा स्तंभ दिसतो तो बहुतेक वेळा टोर्नेडोइतका रागीट नसतो. २०१८ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर जेजुरीजवळच्या नाझरे धरणावर तसा स्तंभ दिसला होता आणि बघ्यांना वाटलं, ढग धरण पिऊन टाकतोय. प्रत्यक्षात त्या स्तंभात खालचं पाणी फारसं चढत नाही. फिरणाऱ्या हवेच्या पोटात दाब उतरतो, हवा गार होते आणि तिच्यातली वाफ थेंब होऊन दिसू लागते. म्हणजे दिसतो तो ढगच, खाली ओघळलेला. हवामानशास्त्रज्ञ जोसेफ गोल्डन यांनी फ्लोरिडाच्या बेटांपाशी विमानातून अशा कितीतरी स्तंभांचा पाठलाग केला. त्यांना कळलं की स्तंभ दिसायच्या आधी पाण्यावर एक गर्द वर्तुळ उमटतं. वर काही नाही, खाली नुसता गडद डाग, तरी फेर ढगापासून पाण्यापर्यंत पोचलेला असतो. सातपाटी-डहाणूच्या नाखव्याने ढगाळ दिवशी असा डाग पाहिला तर त्याच्या वाटेला काटकोनात नाव काढावी. पाठलाग करून बघायची ही वस्तू नाही.

डोंगरावर खबरदारी घ्यायची ती छपराची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पत्रा उडतो तो नुसत्या ढकलण्याने नाही. छपरावरून धावणारी हवा त्याला वर ओढते आणि उघड्या पडवीतून आत शिरलेली हवा खालून रेटते. म्हणून वादळ दिसताच वाऱ्याच्या अंगाची दारं लावून घ्यावीत आणि पत्र्याच्या कडा, कोपरे आधी बांधावेत, कारण उचलायला सुरुवात तिथूनच होते. वाऱ्याबरोबर वीज येते आणि झाडाखाली उभं राहणं जिवावर बेतू शकतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. खोडाळ्यात जिथे रेंज येते तिथे तरी ते फोनवर असावं.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो. किती घरं, किती पत्रे, किती झाडं, सगळं लिहिलं जातं. त्यात मला एक रकाना वाढवून हवा आहे: झाड कोणत्या दिशेला पडलं. करवत चालवायच्या आधी फोनमधलं होकायंत्र खोडाला लावून बघायचं, बुंध्याकडून शेंड्याकडे. पाड्यातल्या वीस-पंचवीस झाडांच्या दिशा कागदावर बाणांनी काढल्या की वारा डोळ्यांपुढे उभा राहतो. बाण एका जागेपासून चोहीकडे पसरले असतील तर हवा तिथे कोसळली. एका चिंचोळ्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचे बाण आत वळून एकमेकांना छेदत असतील तर ती फिरत आली होती, आणि मग तो कागद लगेच हवामान खात्याकडे पाठवायला हवा. दहावीतल्या पोरांना हे काम एका सकाळीत जमेल. मे महिन्यात त्यांना सुट्टीच असते.