कॅप्सूलमागचे बांधलेले एन्झाइम

परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या परिसरातील औषधांच्या दुकानांत अमॉक्सिसिलिन नेहमीच मागितले जाते. त्याचा कच्चा माल पेनिसिलिनपासून निघतो. त्यासाठी पेनिसिलिनच्या रेणूची एक बाजू नेमकी तोडावी लागते. पूर्वी हे रसायनांनी करीत. द्रावण उणे 40 अंशांपर्यंत थंड करायचे, त्यात फॉस्फरस पेंटाक्लोराइड घालायचे; मागे क्लोरीनयुक्त द्रावकांची घाण उरे.

हेच काम जिवाणूंपासून मिळणारे पेनिसिलिन असायलेज हे एन्झाइम पाण्यात, कोमट तापमानात करते. पण एन्झाइम महाग. पाण्यात मोकळे सोडले तर मालाबरोबर वाहून जाणार! म्हणून ते बारीक मण्यांवर किंवा पातळ पटलावर पक्के बसवतात. पेनिसिलिनचे पाणी त्यावरून जाते, रेणू तुटतो, माल पुढे सरकतो. एन्झाइम मात्र जागीच, लालबागच्या चिवडा गल्लीतल्या कढईसारखे पुढच्या घाण्याला तयार. असे शेकडो घाणे निघतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या एन्झाइमवर संशोधन झाले आहे.

वाचकहो, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कॅप्सूल रसायनांऐवजी एन्झाइमने बनली, तरी औषध पेनिसिलिनच्याच घराण्यातले आहे.