इमॅजिकाला जाताना मुक्काम कुठे करावा?

खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. दहा-बारा जणांचं कुटुंब निघालं की तिकिटांच्या जोडीला मुक्कामाचा खर्चही मोठा होतो. पार्कला लागूनच हॉटेल आहे, पण तिथे चार खोल्या घेणं खिशाला जड जातं. त्यापेक्षा खोपोली-खालापूर भागात अख्खा बंगला भाड्याने घ्यावा. लोणावळ्यात बंगले भरपूर, पण शनिवार-रविवारी वाटेतल्या बोरघाटात वाहतूक तुंबते आणि दमलेली पोरं, आजी-आजोबा गाडीत ताटकळतात. बंगला ठरवताना खोल्यांआधी संडास-बाथरूम मोजा. पार्क उघडायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या असतात. जादा गादीचे पैसे, अनामत रक्कम, स्वयंपाकघर वापरायची मुभा हे फोनवरच विचारून घ्या. सुट्ट्या जुळत असतील तर मधला वार धरा, भाडं उतरतं.