घोड्यावरून पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे
(लेखांक पाचवा)

खोगीर, रिकीब आणि हेल्मेट यांची निवड मागील लेखांकात पाहिली. ही सारी साधने नीट असूनही स्वार पडतो, आणि तो पडल्यावर भोवतालच्या माणसांनी काय करावे, त्याहीपेक्षा काय करू नये, हा या लेखांकाचा विषय आहे. खोगिरावर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच असते आणि चारशे-पाचशे किलो वजनाचा घोडा चौखूर उधळला की ताशी ४० किलोमीटरचा वेग सहज गाठतो. त्यामुळे हा अपघात दुचाकीच्या अपघाताइतकाच गंभीर मानला पाहिजे, मग खाली किनाऱ्यावरची वाळू का असेना, कारण भरतीच्या पाण्याने घट्ट बसलेली वाळू फारशी मऊ नसते.

पहिले काम जखमीचे नसून घोड्याचे आहे. बिथरलेल्या घोड्याचा लगाम मोतद्दाराने धरावा, मैदानातील इतर घोडे जागीच थांबवावेत आणि स्वाराचा पाय रिकिबीत अडकला असेल तर आरडाओरडा करत घोड्यामागे धावू नये, कारण त्याने तो आणखी उधळतो आणि स्वार फरफटत जातो.

घोडा ताब्यात आल्यावर मात्र आपल्याकडे एक जुनी, प्रेमापोटी होणारी चूक घडते: चार माणसे धावत येतात, काखेत हात घालून जखमीला उठवून बसवतात आणि पाणी पाजतात. मानेचे मणके मोडले असतील, तर अशा उचलण्याने त्यांतून जाणारा मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचे आदेश शरीरभर नेणारी दोरी, आणखी दुखावू शकतो. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडले तेव्हा त्यांच्या मानेचे वरचे दोन मणके मोडले आणि मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले; घोड्यावरून पडण्यात मानेला केवढा धोका असतो, हे त्यावरून कळते. म्हणून एकाने दोन्ही तळव्यांत डोके जसे असेल तसे स्थिर धरावे, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नये आणि तोंडाने काहीही देऊ नये, कारण उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास बंद असेल तर मात्र मानेच्या भीतीने थांबू नये. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे.

उठून हसत चालू लागलेला स्वारही निर्धोक नसतो. कवटीच्या आतली रक्तवाहिनी फुटली, तर काही तास माणूस ठीक दिसतो आणि मग डोकेदुखी, उलट्या व गुंगी सुरू होते. लाथ पोटावर बसली असेल, तर प्लीहेतून किंवा यकृतातून आतल्या आत रक्त वाहते आणि बाहेर फक्त फिकट चेहरा व थंड घाम दिसतो. अशा व्यक्तीला त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसवू नये. किरकोळ खरचटणेही वाऱ्यावर सोडू नये, कारण धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत हमखास आढळतात. जखम साबण-पाण्याने धुऊन लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. या रोगावरचे प्रतिविषही दीर्घकाळ घोड्याच्याच रक्तापासून तयार केले गेले, ही या प्राण्याची माणसाला मोठी देणगी म्हणावी लागेल.

वसई-विरारच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मेंदूची वा मणक्याची शस्त्रक्रिया मुंबईत करण्याची वेळ आली, तर रुग्णवाहिकेला घोड्यांच्या व्यापारावरून नाव पडल्याचे सांगितले जाणाऱ्या घोडबंदरजवळचा खाडीपूल ओलांडावा लागतो आणि तेथील वाहतूक कोंडी सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे कोणते रुग्णालय, कोणता रस्ता आणि रुग्णवाहिकेला फाटकापासून आत कोण आणणार, हे अपघातापूर्वीच ठरलेले असावे. १०८ क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी आणि मैदानाचा नेमका पत्ता लिहिलेला कागद प्रत्येक तबेल्याच्या दारावर या आठवड्यातच लावावा, ही संचालकांना आग्रहाची विनंती.